तळमजल्यावरचा काळा रस्सा

गेलं दीड वर्ष आमच्या घरचं रात्रीचं जेवण मी रांधतो. यात मोठेपणा काही नाही. आई सकाळी दहाला घर सोडते. गंगापूर रोडला अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना सांभाळायचं काम आहे तिच्याकडे, परतायला तिला आठ वाजतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, अर्धांगानं घरी बसलेले. उरलो मी. भाडेकरूंच्या आणि रेशनकार्डांच्या प्रश्नांवर भांडणाऱ्या एका लहानशा संघटनेत मी काम करतो. पत्रकं लिहितो, वाटतो, कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसतो. कचेऱ्या बंद झाल्या की घरी येऊन भाकरीचं पीठ मळतो.

आमचं जेवण स्वस्त असतं, कारण दुसरं परवडत नाही. साधं असतं, कारण दुसरं मला येत नाही. आणि शाकाहारी असतं, कारण तसं आम्ही सही करून लिहून दिलंय. या तिसऱ्या कारणाबद्दल मला बोलायचंय, आणि बोलताना मी स्वतःला सोडणार नाही.

अण्णा सातपूरला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. सकाळच्या पाळीला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच कलंडले. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला. बोलणं तीन-चार शब्दांवर येऊन थांबलं. 'दे', 'नको', 'चल', आणि आईला मारायची एक हाक. तेव्हा आम्ही सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नाही. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "यांना रोज दोन वेळा बाहेर सपाटीवर चालवा. पाय अजून ऐकतोय. घरात बसवून ठेवलंत तर ऐकायचं विसरेल."

तिसऱ्या मजल्यावर सपाटी कुठून आणायची? मी त्यांना पाठुंगळी घेऊन खाली उतरवायचो. अण्णा अंगानं थोराड. एकदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा गुडघा लचकला आणि आम्ही दोघंही पायऱ्यांवर आपटलो. लागलं कुणालाच नाही. पण त्यानंतर मी पाठ पुढे केली की अण्णा म्हणायचे, "नको." आठ महिने त्यांनी रस्ता फक्त गॅलरीतून बघितला. बघता बघता उजवी पोटरी हातात मावेल एवढी झाली.

म्हणून मी तळमजल्याचं घर शोधायला लागलो. घरं दाखवणारे एजंट आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनावानं समाधान झालं नाही की सरळच विचारतात, "व्हेज ना?" आम्ही येवल्याकडचे. अण्णांना ओव्हरटाइम मिळाला की मटण, नाहीतर सुके बोंबील, नाहीतर अंडी. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी खरं सांगायचो आणि फोन बंद व्हायचा. त्याच वर्षी मी या विषयावर पत्रक लिहिलं होतं. 'कुणाच्या पातेल्यात काय शिजतं हे बघण्याचा अधिकार घरमालकाला नाही,' असं त्यातलं ठळक वाक्य. पत्रक चाललं. सीबीएसच्या बसस्टँडवर वाटताना लोक थांबून वाचायचे, दोघातिघांनी तर जास्तीच्या प्रती मागून नेल्या.

शेवटी पाथर्डी फाट्याच्या बाजूला एक घर मिळालं. तळमजला, दोन खोल्या, दारापासून फाटकापर्यंत एकही पायरी नाही. फाटकाबाहेर सपाट रस्ता आणि कोपऱ्यावर पिंपळाचा पार. मालकीणबाई त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात, आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर. त्यांनी करारातलं टाइप केलेलं कलम बोटानं दाखवलं. घरात मांस, मासे, अंडी शिजवणार नाही, आणणार नाही. तसं आढळल्यास एका महिन्यात घर खाली करून देऊ.

"वाचलंस ना नीट?" त्यांनी विचारलं.

"वाचलं, काकू."

"नंतर कटकट नको."

अण्णांना आम्ही त्या दिवशी रिक्षानं बरोबर आणलं होतं. ते दारात खुर्चीवर बसून फाटकाकडे बघत होते. मी सही केली. संघटनेतल्या एका ताईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "मिळालं का रे घर?" मी म्हणालो, मिळालं. कलमाबद्दल बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही. हे छापून आलं की त्या वाचतील.

त्या आठवड्यापासून अण्णा चालायला लागले. सकाळी आईबरोबर, संध्याकाळी माझ्याबरोबर, वॉकर टेकत. आधी फाटकापर्यंत, मग विजेच्या खांबापर्यंत, मग पारापर्यंत. पाराशी पोचले की दगडाला डावा हात लावायचे आणि वळायचे. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. घरी आले की घामानं सदरा भिजलेला असायचा आणि तोंडावर, कारखान्यातून पाळी संपवून यायचे तेव्हा असायचा, तसा थकवा. हे आता जाऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

जेवणाचं मात्र बिनसलं.

मला स्वयंपाक आईनं फोनवरून शिकवला. तिकडे आजींना झोप लागली की ती फोन उचलायची.

"आई, पिठल्यात गुठळ्या झाल्या."

"मग भजी समजून खा."

"मीठ किती घालू?"

"तुझ्या भाषणात असतं त्याच्यापेक्षा कमी घाल."

तिच्या अशा बोलण्यातून मला मुगाच्या डाळीची खिचडी आली, पिठलं आलं, कुळथाची शेंगोळी आली, मटकीची उसळ आली. बाजार उठायच्या वेळेला गेलं की मेथी, तांदुळजा स्वस्त पडतात आणि भाजीवालीशी नीट बोललं की मूठभर कोथिंबीर वर मिळते, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. आणखी एक गोष्ट कळली, तीही सांगून टाकतो. आमच्या संघटनेची 'कमी खर्चात सकस आहार' अशी एक पुस्तिका आहे. त्यातली चार पानं माझी. कडधान्यं खा, पालेभाज्या खा, असं मी ठणकावून लिहिलंय. मटकी आदल्या रात्री कुणी भिजवायची, सकाळी फडक्यात कुणी बांधायची, तांदुळजा निवडायला लागणारा तास कुणाच्या दिवसातून काढायचा, यावर चार पानांत एक ओळ नाही. स्वस्त जेवणाला पैसे कमी लागतात, त्याची भरपाई वेळानं करावी लागते. तो वेळ आमच्या घरात वीस वर्षं आईचा होता, म्हणून मला तो दिसला नव्हता.

तर, मी हे सगळं करून ताट समोर ठेवायचो आणि अण्णा दोन घासांनंतर डाव्या हातानं ताट सरकवायचे. "नको." त्यांना फक्त डाव्या बाजूनं चावता येतं, तोंडाच्या अर्ध्या भागाला चव नाही. वरण-भात त्यांना ओल्या कागदासारखा लागत असावा. जुन्या घरी अंड्याची पोळी असायची, तव्यावर परतलेल्या बोंबलाचा चुरा असायचा, त्याच्याबरोबर चार घास जास्त जायचे. इथे ते बंद झालं. दुसऱ्या महिन्यात पायजम्याची नाडी दोन वेढे घ्यायला लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वजन असंच उतरत गेलं तर चालणार कशाच्या जोरावर?"

एका रविवारी आईला सुट्टी होती. अण्णांनी मटकीचं ताट सरकवलं तेव्हा ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग मला म्हणाली, "त्यांना मटण नकोय. रस्सा हवाय."

"मटणाशिवाय रस्सा?"

"रस्सा मसाल्याचा असतो, बोकडाचा नसतो. ऊठ, कांदे आण."

तिनं दोन कांदे सालासकट गॅसच्या जाळावर ठेवले आणि वरून काळे ठिक्कर होईपर्यंत फिरवत राहिली. सुकं खोबरं तसंच जाळावर धरलं. लसूण, आलं, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं वाटलं. तेलात ते वाटण आणि काळा मसाला पडला तेव्हा घरभर जो वास सुटला तो आमच्या जुन्या रविवारांचा होता. मग तिनं बेसनात तिखट, ओवा, मीठ घालून घट्ट पीठ भिजवलं आणि उकळत्या रश्शात बोटांनी एकेक गोळा सोडला. गोळा बुडतो, शिजला की वर येतो. याला आमच्याकडे डुबुकवडे म्हणतात. बेसन, मसाला आणि पाणी. याहून स्वस्त कालवण मला माहीत नाही.

अण्णा पाठ टेकून बसले होते ते सरळ झाले. "दे," म्हणाले. आईनं भाकरी कुस्करून त्यावर रस्सा ओतला, मऊ वडे चमच्यानं मोडले. अख्खी भाकरी गेली. दुसरी अर्धी. आई ओट्याकडे तोंड करून स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

तेव्हापासून बुधवारी आणि रविवारी डुबुकवडे ठरले. रविवारी आई करायची, बुधवारी मी. तीन आठवड्यांत डॉक्टरबाईंच्या वजनकाट्यानं उलटं जायचं थांबवलं.

चौथ्या आठवड्यातला बुधवार. बुधवारचं जरा सांगतो. मटण-मासे खाणाऱ्यांचे आपल्याकडे वार ठरलेले असतात, बुधवार, शुक्रवार, रविवार, आणि न खाणाऱ्यांनाही ते पाठ असतात. त्यात ओट्याशी मी, म्हणजे बाप्या माणूस. बाप्या गॅसपाशी उभा राहतो तो मटणासाठीच, एरवी त्याला चहासुद्धा येत नाही, अशी अख्ख्या महाराष्ट्राची खात्री आहे आणि ती बहुतेक वेळा खरीही असते. आई जाळावर कांदा भाजते त्याच जागी मी भाजत होतो. धूर त्याच खिडकीतून वर जात होता. पण रविवारी कुणी आलं नव्हतं. तीन बुधवारही कुणी काही बोललं नव्हतं. या बुधवारी साडेसातला बेल वाजली.

दारात काकू होत्या, नाकाला पदर लावलेला. त्यांच्या मागे सोसायटीचे सेक्रेटरी काका, दुसऱ्या मजल्यावरचे.

"काय शिजतंय?" काकूंनी विचारलं.

"जेवण."

"ते कळलं. कसलं?"

"काकू, हे विचारायचा तुम्हाला..."

"अरे, देवघरापर्यंत वास आलाय माझ्या. सांजवात लावत होते मी."

सेक्रेटरी काका म्हणाले, "हे बघ, माझं वैयक्तिक काही नाही. पण तक्रार आली की मला बघावं लागतं."

"बेसनाच्या वड्यांचा रस्सा आहे," मी म्हणालो.

"बुधवारी?" काकू म्हणाल्या. "आणि तू करतोयस?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. असल्या दारात उभं राहून काय बोलायचं हे मी दुसऱ्यांना शिकवतो. नोटीस लेखी द्या म्हणायचं, आवाज चढवायचा नाही, दारातून हलायचं नाही. मी दाराच्या चौकटीला हात लावूनच उभा होतो.

"दाखवायचं नसेल तर नको दाखवूस," सेक्रेटरी काका म्हणाले. "मग महिन्याची नोटीस देतील त्या. करारात आहे तुमच्या."

माझ्या मागे अण्णा खुर्चीवर बसले होते. पारापर्यंत जाऊन नुकतेच आलेले, पायात बूट तसेच. नोटीस हा शब्द त्यांना चांगला कळतो. त्यांनी डाव्या हातानं समोरचा वॉकर धरला आणि स्वतःकडे ओढला, कुणी तो घेऊन जाणार असल्यासारखा.

मी बाजूला झालो.

त्या दोघांनी चपला बाहेर काढल्या, तेवढी रीत पाळली. स्वयंपाकघरात आमच्या तिघांपुरती जागा नव्हती. झाकण मी स्वतः उचललं. दुसऱ्या कुणी उचललं असतं तर मी म्हणालो असतो की माझ्यावर जबरदस्ती झाली. झाली नाही. मी उचललं.

वर लाल तर्री, खाली काळा रस्सा, त्यात गोळे. काकू वाकून बघत राहिल्या.

"हे कसले तुकडे?"

"बेसन."

"बेसन असं काळं दिसतं?"

"मसाल्यात शिजलंय. मटण असं दिसत नाही काकू."

"मग कसं दिसतं?"

त्याच पुढे म्हणाल्या, "मला काय माहीत कसं दिसतं. मी कधी बघितलंय?"

त्यांचं खरं होतं. जन्मात न पाहिलेली वस्तू त्या माझ्या पातेल्यात शोधत होत्या. त्यांनी सेक्रेटरी काकांकडे बघितलं. काकांनी पातेल्यात एकदा नजर टाकली होती आणि त्यांचा चेहरा लगेच सैल पडला होता, तो मी पाहिला. त्यांना एका नजरेत कळलं होतं की हे बेसन आहे. पण तसं म्हणायचं तर आपल्याला कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं. ते म्हणाले, "मलाही तसा अंदाज नाही. वॉचमनला बोलावू. तो खातो."

वॉचमनमामा पेठ तालुक्याकडचे. पंपाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. तिथेही हेच कलम लागू आहे. ते आले, काय काम आहे ते ऐकलं, आणि म्हणाले, "हात धुऊन येतो."

"नुसतं चाखायचंय मामा, जेवायचं नाही," सेक्रेटरी काका म्हणाले.

मामा हात धुऊन आले आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसले. मी ताटात भाकरी ठेवली आणि वाटीत रस्सा वाढला. माणूस खाली बसल्यावर त्याच्या तळहातावर वडा कसा ठेवणार? मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, वडा अंगठ्यानं फोडला, खाल्ला. मग दुसरा घास घेतला. मग तिसरा. दोन उभी माणसं आणि खुर्चीवरचे अण्णा त्यांच्याकडे बघत होते. मामांना घाई नव्हती.

"काय मामा?" काकूंनी विचारलं.

"बेसन हाय. मीठ थोडं कमी हाय."

"नक्की?"

"बाई, मटान आसतं तर म्या हाडूक मागितलं आसतं."

सेक्रेटरी काका हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पदर नाकावरून काढला आणि म्हणाल्या, "वास मात्र अगदी तसाच येतो." तसा म्हणजे कसा, हे मी विचारलं नाही. माझी विचारायची वेळ दारातच संपली होती. "गैरसमज नको ठेवूस," असं म्हणून त्या वर गेल्या. काका त्यांच्या मागोमाग.

आई आली तेव्हा मामा अजून जेवत होते. तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि काही न विचारता मामांना म्हणाली, "अजून वाढू का?"

"वाढा," मामा म्हणाले. "लय दिसांनी भेटलं."

मी आईला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "मामांना बसवून वाढलंस, तेवढं बरं केलंस."

अण्णांसाठी मी ताट वाढलं. भाकरी कुस्करली, वडे मोडले. त्यांनी ताट सरकवलं. "नको." मला वाटलं रागावले असतील, माझ्यावर, त्या दोघांवर. आईनं घास पुढे केला. त्यांनी मान फिरवली, डावा हात उचलून छताकडे बोट केलं आणि म्हणाले, "वर."

आजारपणानंतर त्यांच्या तोंडून नवा शब्द असा आलाच नव्हता. डॉक्टरबाई चित्रं दाखवून दमल्या होत्या. पहिला नवा शब्द आला तो हा. वास वर जातो, वरचे येतात, मग घर जातं, मग पार जातो. हे सगळं त्या एका शब्दात होतं आणि आम्हा दोघांनाही ते कळलं.

रविवारी आईनं कांदा जाळावर ठेवला तर ते खुर्चीतून उठायला लागले. "वर, वर." आईनं गॅस बंद केला. त्या आठवड्यात त्यांनी पेज घेतली, ताक घेतलं, पिठल्याचे दोन-तीन घास घेतले. चालायला मात्र रोज निघायचे, हट्टानं निघायचे, आणि विजेच्या खांबापाशी पाय थरथरायला लागले की मला धरून उभे राहायचे. तिथून परत फिरायचो. पार दिसत असायचा.

मी पत्रक लिहायला घेतलं. इमारतीचं वर्णन असं की न सांगता ओळखू येईल. वॉचमनला साक्षीला बसवल्याचा प्रसंग, ज्यांना मटण कसं दिसतं हे माहीत नाही त्यांनी घातलेला छापा, सगळं. चांगलं उतरलं होतं. सकाळी आई डबा भरत होती तेव्हा तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "छाप की."

"खरंच?"

"छाप. मग पुन्हा तिसऱ्या मजल्यावर घर बघू. तुझं पत्रक घेईल त्यांना पाठुंगळी."

ती निघून गेली. मला तिचा राग आला होता, हे लपवत नाही. दिवसभर होता. संघटनेच्या खोलीत बसून मी ते पत्रक दोनदा वाचलं. त्यात सगळे होते, काकू, काका, मामा, मी. अण्णांनी काय खायचं हे त्यात नव्हतं.

त्या बुधवारी मी कांदा भाजला. रस्सा उकळायला लागला, वडे सोडले, गॅस बारीक केला आणि पहिल्या मजल्यावर गेलो. काकूंनी दार उघडलं. मला बघून त्यांनी दार पूर्ण उघडलं नाही.

"आता काय?"

"अण्णा जेवत नाहीत काकू. आठ दिवस झाले."

"बरं नाही का?"

"बरे आहेत. घाबरलेत. रस्सा खाल्ला की तुम्ही घर काढून घ्याल असं वाटतं त्यांना."

"मी कुठे काय म्हणाले परत?"

"मला माहितीये. ते तुम्ही खाली येऊन त्यांना सांगा."

"आत्ता?"

"रस्सा गॅसवर आहे."

त्या आत गेल्या, गॅस बंद केला आणि माझ्या पुढे जिना उतरल्या.

अण्णांनी त्यांना दारात बघितलं आणि वॉकर धरला. काकू प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. हात मांडीवर ठेवलेले, पदर खांद्यावर. "दादा," त्या म्हणाल्या, "जेवा तुम्ही. बेसन आहे ते, कळलंय मला. घर कुणी काढून घेत नाही तुमचं." अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. "मला नाही सहन होत तो वास. पण ते माझं झालं. तुम्ही जेवा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "दे."

मी भरवायला लागलो. रस्सा हनुवटीवरून ओघळला. काकूंनी एकदा मान वळवली, मग खुर्चीच्या दांडीवरचा पंचा उचलून माझ्या हातात दिला. अर्धी भाकरी संपेपर्यंत त्या बसून होत्या. जाताना दारात म्हणाल्या, "कांदा भाजताना ती मागची खिडकी उघडत जा. पुढच्या खिडकीतून सगळा धूर माझ्याकडे येतो."

"उघडतो," मी म्हणालो.

बाई वाईट नाहीत. हे लिहायला मला जड जातंय, कारण त्या वाईट असत्या तर माझं काम सोपं होतं. पण माझ्या वडिलांनी स्वतः भाडं भरत असलेल्या घरात बेसनाचा घास घेतला तो परवानगी मिळाल्यावर. ती परवानगी मागायला जिना चढून मी गेलो होतो, आणि मिळाली तेव्हा मला आनंद झाला. खूप आनंद झाला. सभेत लोक टाळ्या वाजवतात तेव्हा होतो त्यापेक्षा जास्त. या गोष्टीची मला चीड येते, आणि ती चीड कुठल्या पत्रकात घालायची ते मला अजून सापडलेलं नाही.

आमचा अकरा महिन्यांचा करार या महिन्यात संपतो. मी काकूंना म्हटलं, ते कलम काढा. त्या म्हणाल्या, "माझ्या एकटीचं आहे का ते? सोसायटीचं आहे." सेक्रेटरी काकांना म्हटलं. ते म्हणाले, त्यांचं वैयक्तिक काही नाही. नवा कागद कालच आला. कलम जसंच्या तसं आहे, फक्त आता त्यात 'तत्सम वास' असे दोन शब्द वाढलेत. ते दोन शब्द मी काकूंसमोर पेनानं खोडले. त्यांनी खोडू दिले. कलम खोडू दिलं नाही.

अण्णा आता पाराच्या पुढे दूध डेअरीपर्यंत जातात आणि पिशवी गळ्यात अडकवून घरी दूध आणतात. सही उद्या सकाळी आहे. मी करणार आहे. डेअरीपर्यंतचा रस्ता सपाट आहे.